आत यायचं ते पशुवैद्याच्या फाटकातून

एन्ड्युरन्स, म्हणजे दीर्घ पल्ल्याच्या घोडेस्वारीत नवी माणसं कशी आणायची, यावर या खेळातली मंडळी दोन तट पाडून भांडतात. एका बाजूचं म्हणणं असं की खेळ आटायला नको असेल तर नियम सैल करा, तपासण्या आटोपशीर घ्या, पहिल्या खेपेला कुणालाच बाद ठरवू नका. दुसरी बाजू म्हणते, हा मुक्या जनावराच्या जिवाचा प्रश्न आहे, इथे हौशागवशांचं काम नाही. ज्याला यायचंय त्याने आधी चार-पाच वर्षं घोडा राखून दाखवावा. भांडणाऱ्या दोघांनीही एक गोष्ट न तपासता मान्य करून टाकली आहे. ती अशी की स्वागत आणि कडकपणा ही एकाच तराजूची दोन पारडी आहेत, एक वर करायचं तर दुसरं खाली घालावंच लागणार. वादाचा सगळा घोळ इथे आहे. घोड्यासाठीचे नियम तसूभरही न हलवता माणसासाठी दार सताड उघडं ठेवता येतं. एवढंच नाही, तर घोड्याची तपासणी जितकी चोख, तितकं नवख्याला शिकायला जास्त मिळतं. म्हणून नवख्याला या खेळात आणायचं ते पशुवैद्याच्या फाटकातूनच, तिथे उभं करून, तिथलं काम हाती देऊन.

ज्यांनी हा खेळ पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एक स्वार, एक घोडा, खुणा बांधलेली रानवाट आणि ४० पासून १६० किलोमीटरपर्यंतचं अंतर. वाट २० ते ४० किलोमीटरच्या टप्प्यांत तोडलेली असते. प्रत्येक टप्प्याच्या शेवटी पशुवैद्य घोडा तपासतात, ती जागा म्हणजे पशुवैद्याचं फाटक. नाडी ठरलेल्या वेळात ठरलेल्या आकड्याखाली यावी लागते. हा आकडा बहुतेक ठिकाणी मिनिटाला ६४ आणि काही ठिकाणी ६० असतो. मग आतड्यांचे आवाज, हिरड्यांचा रंग, कातडीची लवचिकता, पाठ, तंगाखालची, म्हणजे खोगिराच्या पट्ट्याखालची जागा आणि शेवटी दुडकीत, म्हणजे मध्यम वेगाने पळवून चाल बघतात. सगळं ठीक असेल तर सक्तीची ४० ते ६० मिनिटांची विश्रांती आणि मग पुढचा टप्पा. शेवटची रेघ ओलांडली तरी काम संपत नाही. तिथली तपासणी पार पडली तरच घोड्याने अंतर पुरं केलं असं धरतात.

कडक बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा आधी घ्यायला हवा, कारण तो खरा आहे. नवखा धावपटू चुकला तर फोड त्याच्याच पायाला येतात. नवखा स्वार चुकला की भोगतो तो घोडा, आणि घोड्याला कुणी विचारलेलं नसतं. शिवाय घोड्याचं शरीर माणसाच्या अंदाजाने चालत नाही. माणसाच्या घामात मीठ रक्तापेक्षा कमी असतं, त्यामुळे घाम गेला की रक्त दाट होतं आणि तहान लागते. घोड्याचा घाम रक्ताइतकाच, किंबहुना त्याहून खारट असतो. पाणी आणि मीठ दोन्ही सोबतच निघून जातात, रक्तातल्या सोडियमचं प्रमाण फारसं चढत नाही आणि मेंदूला तहानेचा निरोप वेळेवर पोहोचत नाही. उकाड्यात जोरात चालणारा घोडा तासाला १० ते १५ लिटर घाम टाकू शकतो आणि तरीही पंधराव्या किलोमीटरच्या हौदापाशी पाण्याला तोंड लावत नाही. नवखा म्हणतो, तहान नसेल. मग कुणाचं तरी ऐकून तो मिठाची दाट पेस्ट घोड्याच्या तोंडात सोडतो. पोटात पाणी नसताना गेलेलं ते मीठ उलट शरीरातलं पाणी आतड्यात ओढून घेतं. हेतू चांगला असूनही घोडा आणखी कोरडा पडतो.

दुसरा धोका तयारीच्या वेळापत्रकात दडलेला असतो. नियमित मेहनतीने घोड्याची फुप्फुसं आणि हृदय तीनेक महिन्यांत चांगली सुधारतात. स्नायूंना त्याहून जास्त वेळ लागतो, स्नायू हाडाला जोडणाऱ्या कंडरांना आणि सांधेबंधांना सहा महिने ते वर्ष, आणि हाडांना वर्षाच्याही पुढे. म्हणजे चौथ्या-पाचव्या महिन्यात घोडा असा होतो की त्याला दम भरपूर आला आहे, पाय मात्र अजून आलेले नाहीत. नेमका तेव्हाच तो लगाम ओढून ‘अजून पळू’ म्हणतो आणि नवखा त्याचं ऐकतो. या खेळात घोडे बाद होण्याचं सर्वांत मोठं कारण लंगडणं आहे, यात नवल ते काय? त्यानंतर येतात चयापचयाचे बिघाड. पुठ्ठ्याचे स्नायू दगडासारखे आवळतात, लघवी काळपट होते. आतडी थंडावून पोटदुखी सुरू होते. कॅल्शियम आणि क्लोराइड ढासळून कूस हृदयाच्या ठोक्याबरोबर उडू लागते. आवळलेल्या स्नायूंच्या घोड्याला ‘जरा चालवून मोकळा करू’ म्हणून चालवणं हीसुद्धा नवख्याची ठरलेली चूक. त्याने स्नायू आणखी फाटतात. अशा वेळी घोडा आहे तिथेच उभा करायचा, पुठ्ठ्यावर पांघरूण घालायचं आणि पशुवैद्याला बोलवायचं.

हे सगळं मान्य. पण यातून ‘नवख्यांना बाहेर ठेवा’ हा निष्कर्ष निघतो का? तो निघायचा तर जाणकारांच्या हाती घोडे सुरक्षित राहिले, असं आधी दाखवावं लागेल, आणि इतिहास तसं सांगत नाही. १८९२ च्या ऑक्टोबरात व्हिएन्ना ते बर्लिन अशी लष्करी अधिकाऱ्यांची शर्यत झाली. अंतर सुमारे ५८० किलोमीटर. ऑस्ट्रियाचे अधिकारी बर्लिनकडे निघाले आणि जर्मनीचे व्हिएन्नाकडे. भाग घेणारे दोन साम्राज्यांच्या घोडदळांतले निवडक स्वार होते, ज्यांचं आयुष्य खोगिरावर गेलं होतं. पहिला आलेला अधिकारी तीन दिवसांच्या आत पोहोचला आणि त्याचा घोडा नंतर मेला. वाटेत आणि पोहोचल्यावर अनेक घोडे दगावले. त्या स्वारांपैकी नवखा कोण होता? त्यांच्याजवळ ज्ञान होतं, पण त्यांना थांबवण्याचा अधिकार असलेला माणूस वाटेत उभा नव्हता. अलीकडचं बघायचं तर २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाने, म्हणजे एफईआयने, संयुक्त अरब अमिरातीच्या राष्ट्रीय महासंघाला निलंबित केलं, ते एन्ड्युरन्समधल्या घोड्यांच्या कल्याणाच्या प्रश्नावरून. सपाट वाटांवरचा वेग आणि त्यामागचं ईर्ष्येचं राजकारण ही त्या प्रकरणाची मुळं होती. तिथेही पहिल्यांदा रिकिबीत पाय घालणाऱ्याचा काही संबंध नव्हता. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या ट्रायॉनची जागतिक स्पर्धा आधी सुरुवातीच्या गोंधळामुळे नव्याने सुरू करावी लागली आणि मग उष्मा व दमटपणामुळे त्याच दिवशी रद्द झाली. अनुभव हा घोड्याचा विमा असता तर हे काही घडलं नसतं.

याच्या उलट उदाहरण १९५५ चं. कॅलिफोर्नियात वेंडेल रोबी आणि त्यांच्या सोबत्यांनी सिएरा नेवाडाच्या डोंगरांतून १०० मैलांची वाट एका दिवसात घोड्यावर कापून दाखवली. पुढे ती टेव्हिस कप म्हणून नावारूपाला आली. तिथे २४ तासांच्या आत पोहोचलेल्या आणि पुढे चालण्याजोगा घोडा असलेल्या प्रत्येकाला चांदीचं बक्कल मिळतं, पहिला असो की शेवटचा. १९६४ पासून पहिल्या दहांत आलेल्या घोड्यांपैकी ज्याची प्रकृती सर्वांत चांगली त्याला वेगळा हॅगिन कप दिला जातो. मानाची व्याख्या वेगाकडून घोड्याच्या प्रकृतीकडे वळवली की नवखा आणि जाणकार एकाच मापात मोजले जातात, आणि ते माप नवख्याला झेपणारं असतं. ‘पुरं करणं म्हणजेच जिंकणं’ हे या खेळाचं घोषवाक्य झालं, त्यामागे हा विचार आहे.

आता सैल बाजूकडे वळू. तिची बाजू दुबळी नाही. खेळ खर्चिक आहे, शब्द अगम्य आहेत, तळावर पहाटे चारला पोहोचलेल्या नव्या माणसाकडे कुणी मान वर करून बघत नाही, आणि महिनोन्‌महिने राबून आलेला माणूस २० किलोमीटरवर बाद झाला की तो परत येईल कशाला, हा प्रश्न रास्त आहे. पण उपाय म्हणून तपासणी सैल करणं म्हणजे तापमापकाचे आकडे पुसून ताप उतरवण्यासारखं आहे. नाडीचंच बघा. स्टेथोस्कोप डाव्या कोपराच्या मागे, तंगाच्या जागी लावतात. घाईत १५ सेकंद मोजून चाराने गुणतात. १६ ठोके आले तर ६४, घोडा पास. १७ आले तर ६८, नापास. एका ठोक्याच्या चुकीने निकाल फिरतो. यावर ‘नवखा आहे, सोडून द्या’ हा उपाय नव्हे. पूर्ण मिनिट मोजा, आणि मोजताना स्टेथोस्कोपचं दुसरं तोंड नवख्याच्या कानाला लावा. त्या एका मिनिटात त्याला जे कळेल ते दहा व्याख्यानांतून कळणार नाही. घोडा शांत उभा असताना नाडी हळूहळू उतरते, शेजारून दुसरा घोडा निघून गेला की आठ-दहा ठोक्यांनी उसळते, मानेवर पाणी ओतलं की पुन्हा खाली येते. हे ज्याने स्वतःच्या कानांनी ऐकलं तो पुढच्या खेपेला फाटकाशी भरधाव येणार नाही.

आणि नवखे येतात ते बहुधा तसेच. टप्पा संपल्याचा आनंद, समोर तळ दिसतोय, लोक बघताहेत, म्हणून शेवटचा अर्धा किलोमीटर घोडा उधळत आणतात. जाणता स्वार नेमकं उलट करतो. फाटक किलोमीटरभर राहिलं की खाली उतरतो, तंग एक भोक सैल करतो आणि घोड्याबरोबर चालत येतो. पोहोचेपर्यंत नाडी सत्तरीत आलेली असते. बहुतेक स्पर्धांत विश्रांतीचं घड्याळ नाडी आकड्याखाली आल्यावरच सुरू होतं, त्यामुळे पळत आलेला पाच मिनिटं आधी पोहोचूनही दहा मिनिटं मागे पडतो. नियमाने शहाणपण शिकवावं ते असं. हा नियम नवख्यासाठी सैल केला तर त्याला शिकायला उरलं काय?

बाद होण्याने माणूस तुटतो, हेही गृहीतकच आहे. टेव्हिसमध्ये निघालेल्यांपैकी साधारण निम्मेच शेवटपर्यंत पोहोचतात, आणि तरी दरवर्षी माणसं तिथे जाण्याची स्वप्नं बघतात. गॉर्डी एन्सली हा तिथला स्वार. १९७३ मध्ये त्याचा घोडा लंगडू लागला आणि त्याला अर्ध्यातच थांबावं लागलं. १९७४ मध्ये तो घोड्याशिवाय आला आणि तीच वाट स्वतःच्या पायांनी २३ तास ४२ मिनिटांत पळाला. त्यातून वेस्टर्न स्टेट्स ही १०० मैलांची धावण्याची शर्यत उभी राहिली. थांबवल्याने माणूस जात नाही. कुणी न समजावता, पाठ फिरवून थांबवलं की जातो.

‘अंतर कमी केलं की ती एन्ड्युरन्सच राहत नाही’ हा आणखी एक आक्षेप, आणि तो बहुधा १६० किलोमीटरवाल्यांकडून येतो. त्यात तथ्य एवढंच की ४० किलोमीटरमध्ये घोड्याची खरी परीक्षा होत नाही. पण स्वाराची होते. ४० किलोमीटरला सहा तास दिले आणि त्यातला एक तास विश्रांतीत गेला, तर चालायला पाच तास उरतात. चांगला चालणारा घोडा चालीत ताशी सहा किलोमीटर जातो, दुडकीत साधारण १३. अर्धं अंतर चालीत घेतलं तर तीन तास वीस मिनिटं, उरलेलं अर्धं दुडकीत घेतलं तर दीड तासाच्या थोडं वर. बेरीज पाच तासांच्या आत बसते. म्हणजे एकदाही कँटरला, म्हणजे दुडकीहून वेगाच्या चालीला न जाता, चढ-उतार चालून, पाण्यापाशी थांबून नवखा वेळेत पोहोचतो. हे साधं गणित कुणी त्याला आधी कागदावर मांडून दाखवत नाही, म्हणून तो पहिल्या दहा किलोमीटरांत घोडा दामटतो आणि शेवटच्या दहांत ओढत आणतो.

खरा धोका कमी अंतराचा नाही, कमी अंतरावरच्या शर्यतीचा आहे. ४० किलोमीटर जोरात पळवलेला घोडा ८० किलोमीटर शांतपणे गेलेल्या घोड्यापेक्षा जास्त संकटात असू शकतो. अमेरिकेतल्या एन्ड्युरन्स संघटनेने याचं उत्तर नियमात शोधलं. छोट्या अंतराच्या गटात रेघ ओलांडल्याची वेळ धरत नाहीत. नाडी ६० वर आली ती घोड्याची पोहोचण्याची वेळ. एफईआयकडे नवख्या घोडा-स्वारांच्या पात्रता फेऱ्यांना ताशी १६ किलोमीटरची कमाल मर्यादा आहे. दोन्ही नियम कडक आहेत आणि दोन्हींमुळे नवख्याच्या डोक्यावरून ‘मागे पडलो’ ही लाज उतरते. याहून चांगलं स्वागत कोणतं?

आता घोड्याचा प्रश्न. ‘आधी घोडा घ्या, मग या’ म्हणणाऱ्यांनी आपल्याच इतिहासात डोकावावं. मराठ्यांच्या घोडदळात बारगीर आणि शिलेदार असे दोन प्रकार होते. शिलेदार स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन यायचा, बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळायचा. शिवकाळात पागेची व्यवस्था अशी की पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, आणि दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद. घोडा नसलेल्या माणसाला स्वार करायचं तर त्याच्या पाठीशी पाणी, नाल आणि देखरेख आधी उभी करावी लागते, हे त्या व्यवस्थेला पक्कं ठाऊक होतं. आजचा नवखाही आधी बारगीर व्हावा, शिलेदार पुढे होता येईल. पंधरा-सोळा वर्षांचा, लांबचे पल्ले करून थकवा ओळखायला शिकलेला, तब्येतीने धड घोडा ४० किलोमीटर हसतखेळत जातो. तो हौद दिसला की पितो, विश्रांतीत खातो, गर्दीत डोळे मिटून उभा राहतो. नवख्याला शिकवायचं ते निम्मं काम तो घोडाच करतो.

यावरचा आक्षेप घोडेमालकांचा, आणि तो मानायला हवा. आपला घोडा परक्या हातात का द्यायचा? नवख्याचे हात लगामावर लटकतात, तीस किलोमीटरनंतर मांड्या थकल्या की तो खोगिरावर आदळू लागतो, आणि दुडकीत एकाच बाजूच्या ठेक्यावर उठबस करत राहिला तर घोड्याच्या पाठीची एक बाजू सुजते. हे टाळता येतं, पण ते आधी कुणीतरी सांगायला हवं. दर दोन-तीन किलोमीटरला ठेका बदलायचा. उतारावर खाली उतरून चालायचं. चढावर जमत असेल तर घोड्याच्या मागे शेपूट धरून. शिवाय जुना खेळाडू घोडा सुरुवातीच्या झुंबडीत पेटतो, सगळे निघाले की त्याला आवरणं नवख्याच्या आवाक्यातली गोष्ट नसते. म्हणून नवख्या जोडीने सगळे गेल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी निघावं, एका शांत सोबत्याबरोबर. मालकाची खात्री पटवायची तर देण्याआधी दोन-तीनदा एकत्र १५-२० किलोमीटर जाऊन यावं. एवढं करूनही मालक नाही म्हणाला तर तो त्याचा अधिकार, त्यात वाईट वाटून घेऊ नये.

एक नियम मात्र मी कुठल्याही संघटनेच्या नियमावलीत ठळक अक्षरांत घालेन. स्वारही नवा आणि घोडाही नवा, ही जोडी स्पर्धेत उतरवायची नाही. नवा स्वार आणि जाणता घोडा चालेल, जाणता स्वार आणि नवा घोडा चालेल. ज्यांच्याकडे आधीच स्वतःचा नवा घोडा आहे त्यांनी पहिल्या खेपेला तो घरी ठेवून जाणत्या घोड्यावर यावं, किंवा पायी यावं.

पायी म्हणजे फाटकावर कामाला. पशुवैद्यांची तक्रार असते की नवख्यांचे घोडे तपासायला दुप्पट वेळ लागतो आणि मागे रांग वाढते. तक्रार खरी आहे. चाल दाखवायची वेळ आली की नवखा दोर घोड्याच्या हनुवटीशी घट्ट धरतो, स्वतः पुढे पळतो आणि मागे वळून घोड्याकडे बघतो. समोरून डोळे रोखलेला माणूस दिसला की घोडा थबकतो. माणूस ओढतो, घोड्याचं डोकं वर जातं, आणि वर ओढलेल्या डोक्यामुळे त्याची नैसर्गिक लय दिसतच नाही. पशुवैद्य म्हणतात, पुन्हा. दमलेल्या घोड्याला तीच फेरी दोनदा, तीनदा. खरं तर दोर हातभर सैल सोडायचा, घोड्याच्या खांद्याशी राहून सरळ समोर बघत पळायचं, टोकाला चालीवर यायचं, घोडा आपल्यापासून उजवीकडे वळवायचा, सरळ झाला की पुन्हा दुडकी. घरी ४० मीटरवर खूण करून रोज दोन फेऱ्या केल्या तर महिन्याभरात घोडा आणि माणूस दोघांनाही ते अंगवळणी पडतं. हृदयाची उतरण मोजायची पद्धतही यावरच उभी आहे. नाडी मोजतात, घोडा साधारण ३८ मीटर जाऊन परत येतो, आणि पळायला सुरुवात केल्यापासून एक मिनिट झालं की पुन्हा मोजतात. दुसरा आकडा पहिल्याइतका किंवा कमी असेल तर छान. चार किंवा त्याहून जास्त चढला तर घोडा सांगतोय की आत काहीतरी बिनसलंय. फेरीच धड झाली नाही तर या आकड्याला अर्थ उरत नाही.

दिवसभर पशुवैद्याशेजारी वही धरून उभा राहिलेला माणूस अशा तीस-चाळीस फेऱ्या बघतो. ‘आतडी मागच्या डाव्या भागात मंद’, ‘हिरडीवर बोट दाबलं तर रंग परतायला दोन सेकंदांहून जास्त’, असं ऐकत लिहितो. संध्याकाळपर्यंत त्याच्या नजरेला लंगडणारी चाल खुपू लागते. दुखऱ्या पुढच्या पायावर भार आला की डोकं वर उडतं, चांगल्या पायावर खाली जातं. स्पर्धा भरवणाऱ्यांना नेहमी माणसं कमी पडतात. वेळ लिहायला, नाडी मोजायला, वाटेवरच्या फिती बांधायला आणि नंतर सोडायला. नवख्यांना शिकायला जागा हवी असते. दोन गरजा समोरासमोर उभ्या असताना त्यांची गाठ घालून द्यायला कुणाला वेळ नसतो, हे या खेळाचं मोठं नुकसान आहे.

वाटेवरचे रिवाजही असेच कुणी न सांगितल्याने मोडतात. शेपटीला लाल फीत म्हणजे घोडा लाथ मारतो, अंतर ठेवा. मागून येताना आवाज द्यायचा आणि पुढे जायची परवानगी मागायची. हौदापाशी आपल्या घोड्याचं पिऊन झालं तरी शेजारच्याचं होईपर्यंत निघायचं नाही, कारण सोबतचा निघाला की पिणारा घोडा पाणी सोडून त्याच्यामागे जातो. ही चार वाक्यं अर्जाच्या मागच्या बाजूला छापायला कितीसा खर्च येतो?

फौजेत बिनीच्या तुकडीइतकीच चंदावलीची तुकडी महत्त्वाची असे. मागे पडलेल्यांना सांभाळून आणणं हे तिचं काम. आज वाटेच्या अगदी शेवटी एक जाणता स्वार ठेवतात, तो असा चंदावल. मागे कुणी राहिलं नाही ना हे बघत तो येतो. नवख्यांना त्याच्याशी आधीच ओळख करून दिली, ‘हा तुमच्या मागे आहे, घाई करू नका’ एवढं सांगितलं, तर निम्मी भीती तिथेच जाते. काही स्पर्धांत सर्वांत शेवटी, पण वेळेत आणि धडधाकट घोड्यासह पोहोचणाऱ्याला कासवाचं बक्षीस देतात. तो सन्मान मनापासून द्यावा. वेळेचा शेवटच्या मिनिटापर्यंत वापर करून घोडा ताजा आणणं ही अक्कल आहे.

उरतो तो बाद होण्याचा क्षण. पशुवैद्य मान हलवतात, कार्डावर खूण करतात, रांगेतला पुढचा घोडा येतो, आणि नवखा दोर हातात धरून बाजूला उभा राहतो. सगळ्या खेळात त्याला माणसाची सर्वांत जास्त गरज असते ती इथे. त्याच्याजवळ कुणीतरी जावं, कार्ड हातात घ्यावं आणि एकेक ओळ वाचून दाखवावी. नाडी ठीक होती, आतड्यांचे आवाज ठीक होते, पुढचा डावा पाय कडक वळणावर दुखत होता. मग दोघांनी मिळून तो खूर उचलून तळ बघावा. नालेत अडकलेला खडा सापडतो, कधी चारही पाय थंड असतात आणि एकाच खुरात ऊब लागते. घोड्याला चारा-पाणी, पायांना गार पाणी, रात्री पुन्हा एकदा आतडी ऐकणं आणि गाडीत चढवण्याआधी सकाळी सपाट जमिनीवर एक फेरी. सकाळी तो पाय धड पडतोय की नाही, हे नवख्याने स्वतःच्या डोळ्यांनी बघावं आणि कार्डाच्या तळाशी स्वतःच्या हाताने लिहावं.